गोलकीपरचा शब्द

शेंद्र्याच्या रामकिसन कचकुरेला गोलकीपर केलं ते शाळेत खेळ शिकवणाऱ्या यूसुफ सरांनी. आठवीला तो शहरात शिकायला आला, मामाच्या खोलीवर राहू लागला आणि पहिल्याच आठवड्यात सरांच्या नजरेत भरला. उंच, हाडकुळा, लांबलचक हातांचा. सरांनी त्याला दोन विटांच्या मधे उभं केलं आणि श्रीधर वाळूजकरला म्हणाले, "मार."

श्रीधर त्याच्याच वर्गातला. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात राहायचा, वडील कोर्टात कारकून होते. त्यानं मारलेला पहिलाच बॉल रामकिसनच्या नाकावर बसला. भळाभळा रक्त आलं, पण पोरानं छातीशी धरलेला बॉल काही सोडला नाही.

"छोड दे बेटा," सर म्हणाले. "गोल नहीं हुआ."

पुढची चार-पाच वर्षं रोज सकाळी शाळेआधी श्रीधरनं मारायचं आणि रामकिसननं अडवायचं, असा नेम झाला. श्रीधरचा उजवा खांदा किती झुकला यावरून बॉल कुठं येणार हे रामकिसन ओळखायचा, आणि आपण ओळखले गेलो आहोत हे श्रीधरला कळायचं. मग दोघं हसत सुटायचे. खेळून झालं की श्रीधरच्या घरी जायचं. यमुनाबाई, श्रीधरची आई, दोन बशांत पोहे काढायच्या आणि पहिली बशी रामकिसनपुढं ठेवायच्या. "तू घरापासून लांब आहेस बाबा," असं म्हणायच्या. श्रीधर दहावीला असताना त्याचे वडील गेले, तेव्हा रामकिसन तेरा दिवस त्या घरी जाऊन-येऊन होता.  तो नुसता श्रीधरशेजारी बसून राहायचा.

बारावीनंतर मात्र दोघांची कॉलेजं वेगळी झाली. श्रीधर खाम नदीच्या अलीकडच्या कॉलेजात गेला, घरापासून ते जवळ होतं. रामकिसनला पलीकडच्या कॉलेजात होस्टेल मिळालं. आणि या दोन कॉलेजांमध्ये दरवर्षी जानेवारीत फुटबॉलची मॅच व्हायची. शहरात तिला नुसतं 'मॅच' म्हणत. मॅच कधी आहे असं विचारलं की कोणती, असं उलटून कोणी विचारत नसे.

तिची सुरुवात पोलीस ॲक्शननंतर तीन वर्षांनी झाली होती. शहर तेव्हा जरा निवलं होतं, पण माणसं एकमेकांकडं आडून बघत. निझामाच्या वेळचे कित्येकजण हैदराबादला, काही त्याहून लांब निघून गेले होते. राहिले ते दबून होते. अशात दोन्ही कॉलेजांच्या पोरांनी मॅच ठरवली, आणि अडलं कुठं, तर रेफ्री कोण हवा यावर. ज्याचं नाव घ्यावं तो कुणाचातरी निघायचा. गोलला जाळी नव्हती, नुसते बांबू रोवलेले. शेवटी दोन्ही कॅप्टननी ठरवलं की फाऊल-बिऊल आपण आपसात बघू. बॉल आत गेला की नाही, ते ज्याच्या गोलवर आला तो गोलकीपर सांगेल. त्याचा शब्द शेवटचा.

त्या पहिल्या मॅचमध्ये पलीकडच्या कॉलेजचे गोलकीपर होते यूसुफ सर. वय एकोणीस. सामना संपत आला असताना एक बॉल बांबूला घासून गेला. आतून की बाहेरून, कोणाला दिसलं नाही. मैदानाच्या एका कडेला काठ्या घेतलेली माणसं उभी होती. सगळे यूसुफकडं बघायला लागले. यूसुफ म्हणाला, "अंदर था." त्याची टीम हरली. काठ्या घेऊन आलेली माणसं काठ्या घेऊन घरी गेली.

सरांनी स्वतः ही हकिगत कधी सांगितली नाही. पण शहरातल्या फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक पोराला ती पाठ होती. तीस वर्षांत पुढं रेफ्री आला, शिट्टी आली, पण ती रीत राहिली. गोलकीपर खोटं बोलल्याचं एकदाही झालं नव्हतं. झालं असतं तर कळलंही नसतं, असं कोणी म्हणू शकेल. पण तसं कोणी म्हणत नव्हतं.

एक्क्याऐंशी साली ती मॅच नदीकाठच्या मैदानावरून उठून स्टेडियमात गेली.

चिकलठाण्याच्या बाजूला एका कंपनीनं ते स्टेडियम नुकतंच बांधलं होतं. हिरवं गवत, सिमेंटची गॅलरी, पांढऱ्या जाळ्या, खाली ड्रेसिंग रूम. कंपनीची स्वतःची पगारी टीम होती. गोव्याचे, हैदराबादचे, कोल्हापूरचे खेळाडू. कामावर नावाला जायचे आणि बाकी वेळ खेळायचे. त्यांच्या मॅचेस बघायला लोक तिकीट काढून जात. कंपनीचे एक अधिकारी, काकासाहेब, दोन्ही कॉलेजांत येऊन गेले. म्हणाले, "यंदाची मॅच आमच्या स्टेडियमवर खेळा. सगळा बंदोबस्त आमचा. आणि या मॅचमधला एक खेळाडू आम्ही आमच्या टीमात घेणार. एकच, पण कायमचा. पर्मनंट."

पर्मनंट हा शब्द दोन्ही कॉलेजांत दोन महिने घुमत राहिला.

मॅचच्या आधी चार दिवस श्रीधर होस्टेलवर आला. तो अलीकडच्यांचा कॅप्टन होता. दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"एक तू, नाहीतर मी," श्रीधर म्हणाला. "बाकी कोणाचं काही खरं नाही, लोकंच म्हणतायत."

"तुलाच घेतील," रामकिसन म्हणाला. "गोल मारणारा दिसतो. अडवणाऱ्याला कोण बघतंय?"

"असं नाही राम्या. माझं गेलं तरी मी बी.एड. करीन. आई म्हणते मास्तर हो. तुझं काय?"

रामकिसनचं काय, ते दोघांना माहीत होतं. चार भाऊ, कोरडवाहू जमीन. ती एका भावाला पुरण्याइतकी. बाप, कडूबा, त्याला दर सुट्टीत एकच विचारायचा, "त्या बॉलचं पुढं काय व्हतं रं?"

"आबाला घेऊन येतोय मॅचला," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."

"बरं केलंस. माझ्याच बाजूला बसव त्यांना, म्हणजे गोल नीट दिसेल." श्रीधर हसला, रामकिसनही हसला.

मॅचच्या दिवशी दुपारी तीनला गॅलरी भरली होती. दोन्ही कॉलेजांची पोरं समोरासमोर बसून घसा फोडत होती. कडूबा धुतलेलं धोतर, फेटा आणि इस्त्रीची बंडी घालून आला होता. काकासाहेबांनी त्याला आपल्या मागच्या रांगेत, मांडवाखालच्या खुर्चीवर बसवलं. म्हातारा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, कोणी उठ म्हटलं तर पटकन उठता यावं तसा. यूसुफ सर मांडवात बसले नाहीत. ते आपली घडीची खुर्ची घेऊन नेहमीसारखे गोलच्या मागं जाऊन बसले. हाफटाइमनंतर त्यांनी खुर्ची उचलली आणि रामकिसन ज्या गोलवर गेला त्याच्या मागं नेऊन ठेवली. शिकवलेला पोरगा जिथं, तिथं ते.

रेफ्री मुंबईहून आणला होता. त्यानं सुरुवातीलाच दोन्ही कॅप्टनना बजावलं होतं, "तुमची काहीतरी जुनी रीत आहे असं ऐकलं. इथं ती नाही. इथं मी आणि माझे लाइनमन."

खेळ चांगला झाला. गवतावर बॉल असा पळायचा की दोन्हीकडच्या पोरांना सवय होईपर्यंत अर्धा तास गेला. रामकिसननं पहिल्या अर्ध्यात तीन बॉल अडवले, त्यातला एक श्रीधरचा. हात लागल्यावर बॉल कॉर्नरला गेला तेव्हा श्रीधरनं लांबून बोट दाखवलं, ओळखलंस म्हणून. गॅलरीत काकासाहेब शेजारच्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलताना रामकिसनला दिसले.

दहाएक मिनिटं उरली होती आणि कोणाचाच गोल नव्हता. उजवीकडून बॉल उंच आला. श्रीधर उडाला आणि त्यानं डोक्यानं मारला. बॉल वरच्या दांडीच्या खालच्या बाजूला आपटला आणि सरळ खाली पडला. रामकिसन मागं झेपावला. आडवा पडल्या पडल्या त्याला बॉल दिसला, त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर. बॉल आणि चुन्याची रेघ यांच्यामधे हिरवं गवत होतं. चार बोटं. बॉल आत होता. त्यानं हात लांब करून तो ओढून घेतला आणि पोटाशी धरून पालथा झाला.

अलीकडची गॅलरी उभी राहून ओरडायला लागली. पलीकडची त्याहून जोरात. रेफ्री लांब होता, तो लाइनमनकडं बघायला लागला. लाइनमन वळताना पाय घसरून पडला होता आणि आत्ता कुठं उठत होता. त्यानं मान हलवली, दिसलं नाही म्हणून. अलीकडची पोरं रेफ्रीभोवती जमली. कोणी त्याच्या शर्टाला हात घातला. तेवढ्यात श्रीधर मधे घुसला आणि त्यानं आपल्या पोरांना मागं रेटलं.

"सर, त्याला विचारा," तो रेफ्रीला म्हणाला.

"कोणाला?"

"गोलकीपरला. तो म्हणेल ते आम्हाला कबूल."

"अरे, असं नसतं," रेफ्री म्हणाला. पण गॅलरीतून चपला यायला लागल्या होत्या, आणि त्यालाही काहीतरी हवंच होतं. तो रामकिसनजवळ आला. "बोल. आत होता का?"

रामकिसन उठून उभा राहिला. बॉल अजून त्याच्या हातात होता. हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं, हे त्याला पुढं आयुष्यभर नक्की आठवत राहिलं. मग त्याची नजर मांडवाकडं गेली. काकासाहेब उभे राहून बघत होते. त्यांच्या मागं कडूबाही उभा होता, कारण सगळे उभे होते. काय चाललंय ते म्हाताऱ्याला कळत नव्हतं. सगळी माणसं आपल्या पोराकडं बघतायत एवढंच कळत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर रामकिसननं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"नाय," रामकिसन म्हणाला.

"आत नव्हता?"

"नव्हता."

अलीकडची पोरं शिव्या द्यायला लागली. श्रीधर त्यांच्याकडं वळला आणि ओरडून म्हणाला, "तो नाही म्हणाला! नाही म्हणजे नाही. चला, खेळा."

पण पोरांचं लक्ष उडालं होतं. पुढच्या चार मिनिटांत पलीकडच्यांनी एक साधा, रडका गोल मारला आणि मॅच जिंकली.

पोरांनी रामकिसनला खांद्यावर घेतलं. वरून त्यानं गोलच्या मागं बघितलं. यूसुफ सर बसले होते ती जागा जाळीपासून पाच पावलांवर होती. सर तिथं नव्हते. घडीची खुर्ची काखोटीला मारून ते फाटकाकडं चालले होते.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. कडूबानं ते शेंद्र्यात घरोघर दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक घरात तो कोणाकडून तरी ते वाचून घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यांदा ऐकतोय तसा ऐकायचा.

रामकिसन यूसुफ सरांना पेढे द्यायला गेला. सरांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातातच धरून बसले.

"सर, नोकरी लागली."

"हां, सुना मैंने. अच्छा हुआ." मग म्हणाले, "बेटा, मैं उस रोज पीछेच बैठा था."

 सरांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांनी त्याला चहा दिला, दारापर्यंत सोडायला आले. पण त्यानंतर ते कुठल्याच मॅचला गेले नाहीत, आणि चार वर्षांनी वारले तोवर रामकिसन त्यांच्या घराची पायरी चढला नव्हता. मयतीला मात्र गेला. पार मागं उभा राहिला.

श्रीधरचं त्याच्या कॉलेजात अवघड झालं. कॅप्टननंच मॅच घालवली, असं पोरं म्हणायची. कोणी म्हणायचं, दोस्तासाठी मुद्दाम सोडली. त्याच्या सायकलची हवा काढायचे, फळ्यावर घाण लिहायचे. तो सगळ्यांना एकच सांगायचा, "रामकिसन खोटं बोलणार नाही. तुम्हाला तो माहीत नाही." रामकिसनला हे लोकांकडून कळायचं. त्याला वाटायचं, जाऊन सांगून टाकावं. दोनदा तो औरंगपुऱ्यातल्या त्या बोळाच्या तोंडापर्यंत गेला. दुसऱ्या वेळी यमुनाबाईंनी त्याला बघितलं आणि हाक मारून वर बोलावलं. पोहे केले. म्हणाल्या, "श्री म्हणतो, बरं झालं राम्याला मिळाली. त्याला जास्त गरज होती." रामकिसननं पोहे कसेबसे संपवले. श्रीधर घरी यायच्या आत तो निघून गेला.

मग श्रीधरनं बी.एड. केलं आणि त्याला बिडकीनच्या एका शाळेत नोकरी लागली. दोघांचं भेटणं हळूहळू बंदच पडलं. भेट टाळायचा तो रामकिसन, आणि श्रीधरला वाटायचं, कंपनीतल्या माणसाला वेळ कुठला.

रामकिसन कंपनीकडून पाच वर्षं खेळला. बरा खेळला. त्याच्यापेक्षा बरे पुष्कळ होते. पाचव्या वर्षी नागपूरला त्याचा खांदा निखळला, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा बसला नाही. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये टाकलं. पुढं टीमच बंद झाली. स्टेडियमात लग्नं आणि सभा व्हायला लागल्या. दोन्ही कॉलेजांची मॅच त्याआधीच थांबली होती. स्टेडियमवरच्या तिसऱ्या वर्षी हाणामारी होऊन चार पोरांची डोकी फुटली. त्याही वेळी वाद गोलचा होता, आणि गोलकीपरला विचारायला कोणी गेलं नव्हतं.

त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. बायको आशाबाई साधी, पण हुशार होती. एकदा ती म्हणाली, "तुम्ही फुटबॉलचं नाव काढलं की उठून का जाता व?" त्यानं तिलाही सांगितलं नाही.

ब्याण्णवच्या डिसेंबरात श्रीधरचं पत्र आलं. आत जानेवारीतल्या शाळेच्या बक्षीस समारंभाचं छापील आमंत्रण होतं, आणि खाली त्याच्या अक्षरात दोन ओळी: 'प्रमुख पाहुणा तू आहेस. नाही म्हणू नकोस, पोरांना सांगून बसलोय.'

पण त्याच डिसेंबरात सगळीकडं दंगली पेटल्या आणि समारंभ पुढं गेला. तो फेब्रुवारीच्या शेवटी झाला. पत्र दोन महिने खिशात ठेवून रामकिसननं मनाशी ठरवलं होतं. या वेळी सांगायचं.

तो सकाळच्या एसटीनं बिडकीनला पोहोचला. श्रीधर स्टँडवर न्यायला आला होता. केस मागं हटलेले, चष्मा, खिशाला शिट्टी. त्यानं रामकिसनला घट्ट मिठी मारली.

"किती वर्षं झाली रे! आई रोज विचारते तुला."

शाळेच्या अंगणात दीडदोनशे पोरं बसली होती. श्रीधर बोलायला उभा राहिला. रामकिसनला वाटलं, ओळख करून देईल, किती मॅच खेळला वगैरे. पण श्रीधरनं मॅचची गोष्ट सांगितली. पोलीस ॲक्शनपासून. यूसुफ सर, काठ्या घेतलेली माणसं, आणि मग स्टेडियम, दांडीवर आपटलेला बॉल.

"मी दोन पावलांवर होतो," तो पोरांना सांगत होता. "मला वाटलं बॉल आत आहे. माझ्या डोळ्यांना तसं दिसलं. पण रेघेजवळ जमिनीवर पडले होते हे, मी नाही. मी म्हटलं, यांना विचारा. हे नाही म्हणाले. आणि मी मानलं. लोकांनी मला मूर्ख म्हटलं. पण बाळांनो, समोरच्या टीममधल्या माणसाच्या शब्दावर विसंबता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून आपल्या शाळेत काय नियम आहे?"

"गोलकीपरचा शब्द!" पोरं एका सुरात ओरडली.

"हे ते गोलकीपर," श्रीधर म्हणाला, आणि टाळ्या वाजल्या.

रामकिसननं बक्षिसं वाटली. प्रत्येक पोरगा त्याच्या पाया पडत होता आणि तो पाय मागं ओढत होता. भाषण करा म्हटल्यावर त्यानं घसा बसलाय असं सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत दोघं शाळेमागच्या लिंबाखाली बसले. श्रीधरनं डबा उघडला. यमुनाबाईंनी मुद्दाम दोघांसाठी दिला होता.

"श्री," रामकिसन म्हणाला, "बॉल आत होता."

श्रीधर भाकरी मोडत होता. "कुठला?"

"तोच. तू डोक्यानं मारला तो. मी ओढून घेतला बाहेर. खोटं बोललो."

श्रीधरचा हात थांबला. तो रामकिसनकडं बघत राहिला. थट्टा आहे का, हे त्यानं पहिल्यांदा शोधलं. मग ते शोधणं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं.

"किती आत?"

रामकिसननं चार बोटं जुळवून दाखवली.

"एवढा?"

"एवढा. तुला नीटच दिसलं होतं. तुझे डोळे बरोबर होते."

श्रीधरनं डब्याचं झाकण लावलं. नीट दाबून लावलं. "बारा वर्षांनी सांगतोयस."

"जमत नव्हतं. आबा होता तिथं, काकासाहेब होते... नोकरीसाठी केलं, दुसरं काय नाय. तू मला कायबी म्हण. मार पाहिजे तर."

"नोकरी तू मागितली असतीस तर मी दिली असती रे," श्रीधर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "खरंच दिली असती. हेडर बाहेर मारला असता. मला नोकरीचं काही वाटत नाही राम्या. पण आत्ता, अर्ध्या तासापूर्वी मी त्या पोरांना काय सांगितलं? आणि दरवर्षी सांगतो. सात वर्षं सांगतोय."

"म्हणूनच सांगितलं. ऐकवंना मला."

"तुला ऐकवेना." श्रीधर उठला. "तुझं ओझं उतरलं. बरं झालं. मी आता काय करू ते सांग."

 घंटा झाली. दुपारी शाळेतल्या दोन गटांची ढालीसाठीची मॅच होती, रेफ्री श्रीधरच होता. तो मैदानाकडं चालायला लागला. रामकिसन डबा हातात घेऊन त्याच्या मागं गेला, कारण तो तिथंच टाकून जाता येईना.

मॅच रडतखडत चालली. श्रीधरचं लक्ष नव्हतं. दोनदा फाऊल होऊनही त्यानं शिट्टी मारली नाही. शेवटी शेवटी एक बॉल खांबाजवळ धुळीत घुसला आणि सांडू नावाच्या नववीतल्या गोलकीपरनं त्यावर झडप घातली. गोल, गोल, असा ओरडा झाला. मग सगळी पोरं आपोआप गप्प झाली आणि सांडूकडं बघायला लागली. तसंच करायचं असतं, हे त्यांना माहीत होतं.

"नाय सर," सांडू म्हणाला. "रेघंवर व्हता."

श्रीधरनं शिट्टी तोंडात धरली आणि परत काढली. "नक्की?"

पोरं चमकली. सरांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"व्हय सर. नक्की."

"माझ्याकडं बघून सांग."

सांडूनं पाहुण्यांकडं बघितलं, सरांकडं बघितलं.  "खरंच सर. आईच्यान."

श्रीधर धुळीत वाकून रेघ बघायला लागला. चुन्याची रेघ पायांनी पुसली गेली होती. तिथं काहीच दिसत नव्हतं. तो तसाच वाकून राहिला. मागून कोणीतरी एक पोरगा हळूच म्हणाला, "खोटं बोलतोय सांड्या." लगेच दुसऱ्यानं त्याला ढकललं, तिसरा मधे पडला, आणि बघता बघता दोन्ही गट एकमेकांच्या अंगावर गेले. दुसऱ्या मास्तरांनी धावत येऊन पोरं सोडवली. सांडू खांबाला टेकून रडत होता. त्या वर्षीची ढाल कोणालाच मिळाली नाही.

एसटी पाच वाजता होती. श्रीधर स्टँडवर सोडायला आला नाही. त्यानं डबा परत घेतला, "आईला सांगतो तू आला होतास म्हणून," एवढं म्हणाला आणि स्टाफरूममध्ये गेला. रामकिसन एकटाच चालत गेला. आपण सांगितलं की बरं वाटेल, असं त्याला बारा वर्षं वाटत आलं होतं. एसटीत बसल्यावर त्यानं मनात चाचपून बघितलं. बरं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं आशाबाईला सगळं सांगितलं. ती चूल सारवता सारवता ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही त्यांचं दोनदा घेतलं की हो. एकदा तेव्हा, एकदा आज."  तो जेवायला बसला नाही.

पुढल्या वर्षीपासून श्रीधरनं खेळ दुसऱ्या मास्तरांकडं दिले आणि तो फक्त मराठी शिकवायला लागला. मॅचला तालुक्याहून रेफ्री बोलवायला लागले. पुढं तेही बंद झालं. मैदानावर कबड्डीचं आखलं. कंपनी मंदीत गेली तेव्हा रामकिसननं नोकरी सोडली आणि शेंद्र्यात येऊन भावांबरोबर शेत करू लागला. कडूबा मरेपर्यंत त्या मॅचबद्दल बोलायचा. सगळी माणसं उभी राहिली होती, असं पाहुण्यांना सांगायचा. रामकिसन तेव्हा बैलांना पाणी दाखवायला जायचा.

यमुनाबाई गेल्या ते त्याला दोन महिन्यांनी कळलं. कोणी कळवलं नव्हतं.

नंतर एकदा औरंगपुऱ्यात, एका भांड्यांच्या दुकानात, दोघं समोरासमोर आले. रामकिसन थोरल्या मुलीच्या लग्नाची भांडी बघत होता. श्रीधर एकटाच होता, हातात एक छोटं पातेलं घेऊन. एका माणसापुरतं.

"कसा आहेस?" श्रीधरनं विचारलं.

"बराय. काकूंचं कळलं. लई वाईट झालं."

"हं. वय झालं होतं."

"पोरीचं लग्न आहे वैशाखात. येशील?"

"बघतो," श्रीधर म्हणाला. "सुट्ट्या आहेत तेव्हा. जमलं तर."

दुकानदारानं पातेलं कागदात गुंडाळून दिलं. श्रीधरनं ते पिशवीत ठेवलं, रामकिसनच्या दंडाला हलकेच हात लावला आणि गर्दीत निघून गेला. लग्नाची पत्रिका रामकिसन स्वतः त्याच्या घरी देऊन आला. दाराला कुलूप होतं, म्हणून फटीतून आत सारली.

श्रीधर लग्नाला आला नाही.